कंपवात आणि स्मृतिभ्रंश: पहिली चाळणी कशी लावावी

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सन्स आजाराचं, वर्णन लिहिलं, तेव्हा इंद्रियं आणि बुद्धी यांना धक्का लागत नाही असं नमूद केलं होतं. घराघरांत तो समज अजून आहे: ‘हात थरथरतात, पण डोकं शाबूत आहे.’ पहिली काही वर्षं ते बहुतेकदा खरंही असतं. पण सिडनीतल्या रुग्णांचा २० वर्षं पाठपुरावा झाला, तेव्हा हयात असलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना स्मृतिभ्रंश झालेला आढळला. अलीकडच्या पाहण्यांत आकडे याहून बरेच खाली आहेत. तरीही सत्तरी ओलांडलेल्या आणि आजार जुना झालेल्या माणसाकडे दरवर्षी नीट पाहायला हवं, एवढं त्यातून नक्की ठरतं.

ही माहिती फॅमिली डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, स्वमदत गटातले कार्यकर्ते आणि घरचे शुभंकर, म्हणजे रुग्णाची काळजी घेणारी माणसं, यांच्यासाठी आहे. चाळणीतून निदान होत नाही. कोणाला न्यूरॉलॉजिस्टकडे लवकर न्यायचं, एवढंच ती सांगते. कंपवातात ती दोन्ही बाजूंनी चुकते. हळू बोलणारा, चेहऱ्यावर भाव नसलेला माणूस हुशार असूनही ‘गेला कामातून’ ठरतो. आणि ज्याचं खरंच बिघडलंय त्याचं ‘वय झालं आता’ म्हणून दोन-तीन वर्षं राहून जातं.

केव्हा तपासावं, केव्हा मुळीच तपासू नये

कंपवाताचं निदान झालं की लगेच एकदा तपासून ठेवा. पुढच्या प्रत्येक वर्षी तुलना याच आकड्याशी करायची असते आणि नेमका तोच बहुतेकांच्या फायलीत नसतो. मग वर्षातून एकदा. झोपेत ओरडणं आणि हातपाय झाडणं, भास होणं, वारंवार पडणं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं यातलं काही असेल तर सहा महिन्यांनी.

ताप, लघवीचा संसर्ग, चार-पाच दिवसांचं बद्धकोष्ठ, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, औषधात कालपरवा झालेला बदल यांपैकी काही असताना चाचणी घेऊ नका. तेव्हा येणारे गुण त्या आजारपणाचे असतात. एक नियम पक्का ठेवा: स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्यांनी वाढतो. कालपर्यंत बरा असलेला माणूस आज मुलांना ओळखत नाही, रात्रभर बडबडतो, दुपारी गुंगीत असतो, तर ते वेगळंच प्रकरण आहे. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. संसर्ग, सोडियम कमी होणं, उन्हाळ्यात पाणी कमी पडणं, नवीन गोळी, पडल्यावर डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त ही त्याची नेहमीची कारणं.

गोळीचं घड्याळ

सगळ्यात जास्त चाचण्या इथेच वाया जातात. लेव्होडोपा या कंपवाताच्या मुख्य गोळीचा असर साधारण अर्ध्या ते एका तासात दिसू लागतो. चाचणी ‘ऑन’ अवस्थेतच घ्यायची, म्हणजे गोळी घेतल्यावर साधारण एक ते दीड तासाने, अंग मोकळं झालंय असं रुग्ण स्वतः सांगेल तेव्हा. असर उतरलेल्या ‘ऑफ’मध्ये अंगाबरोबर विचारही जखडलेले असतात. उलट गोळीच्या जोरावर अंग फारच वेडंवाकडं हलत असेल, तर ते शांत होऊ द्या.

ओपीडीत हे जमणं कठीण. सकाळी सातला गोळी घेऊन निघालेला माणूस अकराला आत येतो, तोवर असर उतरलेला असतो. म्हणून वेळ देतानाच सांगा: गोळ्या सोबत आणा आणि नेहमीच्या वेळेला इथेच घ्या. घरी करणार असाल तर सकाळचा दुसरा डोस बरा पडतो. जेवणानंतरची सुस्तीची वेळ टाळा. डाळ, दूध, पनीर यांसोबत गोळी घेतली तर काही जणांत तिचा असर उशिरा आणि कमी येतो, तेही आधी विचारून घ्या.

टेबलावर काय लागतं

बिनरेघी ए-फोर कागद चार-पाच, जाड बुडाची मऊ शिशाची पेन्सिल, सेकंदकाटा दिसणारं घड्याळ, पाण्याचा पेला, हाताची खुर्ची. चष्मा पुसून द्या. कानाचं यंत्र असेल तर त्याची बॅटरी तपासा. ऐकू न आलेला शब्द आणि विसरलेला शब्द कागदावर सारखाच दिसतो. टीव्ही बंद. स्वयंपाकघरात कुकर लावायचा असेल तर नंतर लावा.

घरचं माणूस खोलीत नको, किंवा असलं तरी पाठीमागे बसवा. बायको ओठ हलवून उत्तर सुचवते, मुलगा ‘अहो बाबा, सोपं तर आहे’ म्हणतो, आणि दोन्हींनी निकाल बिघडतो. प्रश्न विचारल्यावर मनात पंधरापर्यंत मोजा. कंपवातात विचार संथ होतो आणि पुष्कळदा उत्तर बाराव्या सेकंदाला बरोबर येतं. जिथे वेळ मोजायचीच आहे तिथे मोजा, बाकी ठिकाणी घाई नको.

आधी दोन गोष्टी बाजूला काढा

पहिली, मनाची उदासी. कंपवातात ती फार आढळते आणि तिच्यामुळे लक्ष लागत नाही, आठवत नाही. ज्येष्ठांसाठीची १५ प्रश्नांची हो-नाही स्वरूपाची जीडीएस मापनपट्टी वापरा. पाचाच्या वर गुण गेले तर आधी त्यावर उपचार आणि मग पुन्हा चाचणी. चेहरा कोरा आहे म्हणून उदास समजू नका. चेहऱ्याचे स्नायू हलत नाहीत म्हणूनही तो कोरा दिसतो.

दुसरी, औषधांची पिशवी. पूर्ण पिशवी टेबलावर उपडी करायला सांगा, चिठ्ठी पुरेशी नाही. थरथर कमी करायला दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिल ज्येष्ठांची स्मरणशक्ती बिघडवते. लघवीसाठीची ऑक्सिब्युटिनिन, झोपेची क्लोनाझेपॅम आणि कंपवाताच्याच ॲमँटाडिन, प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांनीही गोंधळ किंवा भास होऊ शकतात. आणि आपल्याकडचा खास घोटाळा म्हणजे ॲसिडिटीच्या गोळीत मिसळलेली लेव्होसल्पिराइड, उलटीसाठीची मेटोक्लोप्रमाइड, चक्करसाठी वर्षानुवर्षं चालू असलेली सिनारिझिन, फ्लुनारिझिन किंवा प्रोक्लोरपेरॅझिन. यांनी कंपवाताची लक्षणंच वाढतात, काहींत मुळात तीच कारण असतात. यादी करून डॉक्टरांपुढे ठेवा. स्वतः काहीही एकदम थांबवू नका. लेव्होडोपा अचानक बंद केली तर जिवावर बेतू शकतं आणि ॲमँटाडिन एकदम तोडली तरी भ्रम होऊ शकतो.

रक्तदाब आडवा झोपवून आणि उभं केल्यावर एक व तीन मिनिटांनी घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला, तर ‘सकाळी डोकं चालत नाही’ याचं कारण तिथेही असू शकतं.

चाचणी

तयार चाचण्यांत मोका (मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट) सगळ्यात सोयीची: ३० गुण, सुमारे दहा मिनिटं, आणि कंपवातात जे आधी बिघडतं ते लक्ष, नियोजन आणि जागेचं भान तिच्यात नीट तपासलं जातं. शिक्षण बारा वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. ती घ्यायला रीतसर प्रशिक्षण लागतं, म्हणून इंटरनेटवरून उतरवून घरी सोडवू नका. शिवाय तीच तीच सोडवली की पाठ होते. जुनी एमएमएसई (मिनी मेंटल स्टेट एग्झामिनेशन) अजून सगळीकडे चालते, पण नियोजनक्षमता ती जवळजवळ तपासतच नाही. तिच्यात २८ मिळवणारे रुग्ण घरी गॅस चालू ठेवून निघून जातात.

मोका नसेल तर मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी या हालचालींच्या विकारांवरच्या तज्ज्ञांच्या संघटनेच्या २००७ च्या मार्गदर्शनात सुचवलेली छोटी कामं कुठल्याही दवाखान्यात करता येतात. क्रम असा ठेवा.

आधी तीन शब्द द्या, एकमेकांशी संबंध नसलेले: खुर्ची, पेरू, चावी. ते तीनही म्हणवून घ्या आणि ‘नंतर विचारणार आहे’ असं सांगा. दरवर्षी शब्द बदला.

मग लक्ष. वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगा, डिसेंबरपासून. चैत्र ते फाल्गुन ज्यांना जास्त जवळचे, त्यांना फाल्गुनापासून मागे येऊ द्या. दोन किंवा अधिक महिने गळले, क्रम चुकला, किंवा ९० सेकंदांत संपलं नाही तर बिघाड धरा. दुसरा पर्याय शंभरातून सात-सात वजा करणं: ९३, ८६, ७९, ७२, ६५. दोन चुका झाल्या तर बिघाड. एक पायरी चुकली आणि पुढची त्या चुकलेल्या आकड्यातून बरोबर वजा झाली, तर चूक एकच. मात्र आयुष्यभर दुकानाचा गल्ला सांभाळलेला माणूस हे सहज करतो. त्याला महिनेच द्या.

नंतर शब्दांचा ओघ. एका मिनिटात ‘स’पासून सुरू होणारे शब्द, माणसांची आणि गावांची नावं वगळून. मराठीत आधी ठरवा की सा, सि, सु, सो हे सगळे चालतात. नाहीतर अर्धा मिनिट शंका विचारण्यातच जातो. इंग्रजी ‘एस’साठी नऊच्या आत शब्द आले तर बिघाड मानतात. तो आकडा मराठीला जसाच्या तसा लावू नका, दिशादर्शक समजा. आवाज बारीक झालेला असतो, म्हणून कान जवळ न्या. ज्यांना लिहितावाचता येत नाही त्यांना अक्षर विचारू नका, प्राण्यांची नावं विचारा.

आता घड्याळ, या सगळ्यातलं सगळ्यात बोलकं काम. गोल तुम्हीच काढून द्या, बशीएवढा मोठा. गोल काढण्याची परीक्षा नाही. आकडे भरायला सांगा आणि काटे ‘अकरा वाजून दहा मिनिटं’ दाखवायला सांगा. साडेअकरा किंवा पावणेबारा देऊ नका. दहा मिनिटांचीच वेळ देण्याचं कारण असं की ‘दहा’ हा शब्द ऐकून बिघडलेलं मन काटा सरळ १० वर नेतं आणि शाबूत मन स्वतःला आवरून २ वर. ती एकच चूक बरंच सांगून जाते. थरथरलेली रेघ, मुंगीएवढे आकडे, वेळ लागणं हे सगळं हाताचं आहे, त्याचे गुण कापू नका. १ ते १२ सगळे उजव्या अर्ध्यात कोंबलेले, बारानंतर १३, १४ चालूच राहिलेले, काटाच नाही किंवा ‘११:१०’ असं आकड्यांतच लिहून ठेवलेलं, हे डोक्याचं. चित्र पाहताना स्वतःला विचारा: हाच हात न थरथरता चालला असता तर हे बरोबर आलं असतं का?

तोच निकष एकमेकांत अडकलेल्या दोन पंचकोनांना लावा. नमुना समोर ठेवून नक्कल करायला सांगा. दोन्हींचे पाच-पाच कोपरे आणि मधोमध चार बाजूंचा छेद हवा. रेघ कापरी किंवा चित्र थोडं तिरकं असलं तरी चालेल.

शेवटी ते तीन शब्द विचारा. एकही सुटला तर नोंदवा आणि मग सूचना द्या: ‘एक फळ होतं.’ पेरू लगेच आठवला, तर साठवण शाबूत आहे, बाहेर काढायला अडचण आहे. कंपवातात हे नेहमीचं. सूचना देऊन, तीन पर्याय देऊनही ओळखता येत नसेल, तर अल्झायमरसारखं काही सोबत आहे का, हे डॉक्टरांनी पाहायला हवं.

लक्ष, नियोजन (शब्दांचा ओघ आणि घड्याळ), जागेचं भान (पंचकोन) आणि स्मरण (तीन शब्द) या चारांपैकी निदान दोन ठिकाणी बिघाड दिसला, तर पुढचा भाग जास्त महत्त्वाचा होतो.

गोळ्यांचा प्रश्न

स्मृतिभ्रंश म्हणायचा तर बिघाड रोजच्या जगण्यात उतरलेला हवा, आणि तो हातापायांमुळे नसावा. हे ताडायला एक साधा प्रश्न आहे: ‘तुमच्या कंपवाताच्या गोळ्या कोणत्या, किती, केव्हा घेता ते सांगा.’ पाकीट समोर नको. रुग्णाने ‘सात वाजता पिवळी एक, अकराला एक, तीनला अर्धी’ असं स्वतः सांगितलं तर ठीक. नाव आठवलं नाही तरी रंग आणि वेळ बरोबर असेल, किंवा जरा आठवण करून दिल्यावर जमलं आणि शुभंकर म्हणतात की हे स्वतः घेऊ शकतात, तरी ठीक. आठवण देऊनही सांगता येत नसेल तर आजार जगण्यात उतरला आहे.

आपल्या घरांत या प्रश्नाला एक भोक आहे. कित्येक पुरुषांनी पहिल्या दिवसापासून गोळी हाताने उचललेलीच नसते. बायको किंवा सून पाण्यासकट पुढे करते. त्यांना हे येत नाही याचा अर्थ काहीच निघत नाही. तिथे ते स्वतः करत आलेलं काम धरा: पासबुक भरून आणणं, वीजबिल, एसटीने एकटं गावी जाणं, शेतात पाण्याची पाळी लक्षात ठेवणं. बाईंना विचारायचं तर साखरभातापासून पुरणपोळीपर्यंत जे त्या हमखास करत त्याचा क्रम सांगता येतो का ते पाहा. पुरण वाटताना हात दुखतात ही तक्रार वेगळी. डाळ शिजवायच्या आधीच गूळ घातला ही वेगळी.

शुभंकराशी बोलणं स्वतंत्र खोलीत करा. प्रत्येक तक्रारीवर एकच उपप्रश्न विचारत राहा: ‘हात चालत नाही म्हणून, की कसं करायचं ते सुचत नाही म्हणून?’ बटण लावायला दहा मिनिटं लागतात, हे हाताचं. शर्टावर बनियन चढवला, हे डोक्याचं. फोन लावताना बोट चुकीच्या आकड्यावर पडतं, हे हाताचं. टीव्हीच्या रिमोटने फोन लावायला जातात, हे डोक्याचं. सही बारीक झाली हे हाताचं, कशावर सही करतोय ते कळत नाही हे डोक्याचं. गेल्या सहा महिन्यांतली दोन-तीन ठोस उदाहरणं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ‘विसरतात’ एवढंच लिहून आणलेली चिठ्ठी डॉक्टरांच्या काही कामाची नाही.

भासांबद्दल विचारायची पद्धत

थेट ‘भास होतात का’ विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं, कारण वेडं ठरवतील ही भीती असते. हळूच विचारा: ‘मागे कुणी उभं आहे असं वाटतं का? नजरेच्या कडेने मांजर, उंदीर सरकल्यासारखं? खुंटीवरचा कोट माणूस वाटतो का?’ सुरुवात बहुधा अशीच असते. पुढे लहान मुलं, गेलेली माणसं दिसतात. घरचे त्याला पितर किंवा बाहेरची बाधा म्हणतात आणि सांगत नाहीत. टिंगल न करता ‘हे या आजारात किंवा गोळ्यांनी होतं’ म्हटलं की बोलकं होतात. ‘ते खरं नाही हे कळतं का?’ हा पुढचा प्रश्न विसरू नका. कळत असेल तर वेळ आहे. कळत नसेल, किंवा बायको बदलून दुसरीच आली आहे असं वाटत असेल, तर भेट लवकरची घ्या.

रात्री आरडाओरड झाली म्हणून जवळच्या दवाखान्यात हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं जातं आणि माणूस दोन दिवस लाकडासारखा होतो. ‘कंपवात आहे, हॅलोपेरिडॉल आणि मेटोक्लोप्रमाइड नको’ अशी चिठ्ठी पाकिटात ठेवा.

गुण आले, पुढे काय

सुशिक्षित रुग्णांवरच्या अभ्यासांत मोकाचे २६ पेक्षा कमी गुण सौम्य बिघाडाकडे आणि २१ पेक्षा कमी स्मृतिभ्रंशाकडे बोट दाखवतात. चौथी शिकलेल्या आजींना हे आकडे लावले तर धडधाकट आजीही नापास होतील. म्हणून तुलना त्यांच्याच मागच्या वर्षाशी करा. एक-दोन गुणांचं खालीवर होणं चालायचंच. गुण बरे पण शुभंकराची उदाहरणं ठोस, अशी विसंगती असेल तर उदाहरणांवर विश्वास ठेवा.

डॉक्टर बहुधा बी-१२, थायरॉइड, सोडियम, साखर, मूत्रपिंड तपासतील. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता पुष्कळदा सापडते. पडण्याचा इतिहास असेल तर डोक्याचा स्कॅन. मग औषधं कमी करण्याचा विचार होतो, सामान्यतः आधी ट्रायहेक्सिफेनिडिल, नंतर ॲमँटाडिन आणि प्रॅमिपेक्सोलसारख्या गोळ्या, लेव्होडोपा सर्वांत शेवटी. कंपवातातल्या स्मृतिभ्रंशासाठी रिव्हास्टिग्मिन वापरतात. ती कॅप्सूल आणि पॅच दोन्ही रूपांत मिळते, मळमळ आणि कधी थरथर वाढवते, नाडी मंद असेल तर आधी ईसीजी लागतो. आणि आधी स्मृतिभ्रंश आला, वर्षभरात किंवा नंतर अंग जखडलं, असा उलटा क्रम असेल तर डॉक्टर लेवी बॉडी स्मृतिभ्रंशाचा, म्हणजे कंपवाताच्या जवळच्या दुसऱ्या आजाराचा, विचार करतात. म्हणून कोणतं लक्षण कधी सुरू झालं, त्याचा महिना-वर्ष आठवून ठेवा. ‘गणपतीच्या आधी की दिवाळीनंतर’ असं विचारलं की घरच्यांना आठवतं.

बँकेचं संयुक्त खातं, वारसनोंद, मृत्युपत्र आणि स्कूटर चालवण्याचा निर्णय हे सगळं माणूस स्वतः समजून सही करू शकतो तोवर उरका.

शेवटी एका वहीच्या पानावर इतकं लिहा: तारीख, शेवटच्या गोळीची वेळ, चाचणीची वेळ, ऑन की ऑफ, रात्रीची झोप, चष्मा आणि कानाचं यंत्र होतं का, वापरलेले तीन शब्द, प्रत्येक कामाचा निकाल, शुभंकराची उदाहरणं. घड्याळाचं चित्र त्याच पानाला टाचणीने लावा. पुढच्या वर्षी तेच काम, त्याच वेळेला, शक्यतो त्याच माणसाने घ्यावं आणि दोन्ही घड्याळं शेजारी ठेवून पाहावीत.